एकच टेबल, एकच स्क्रीन: काम आणि गेमिंग दोन्हींसाठी मॉनिटर कसा निवडावा?

कळंब नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. इथे उदाहरणाला घेतलेले कळंब पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर आहे. अशा गावात किंवा नालासोपारा-विरारच्या एखाद्या वन रूम किचनमध्ये घरात संगणकाचे टेबल बहुधा एकच असते. दिवसा त्याच टेबलावर कोणी घरून ऑफिसचे काम करते, कोणी ट्यूशनच्या नोट्स टाइप करते, कोणी दुकानाचा जीएसटीचा हिशेब लावते. रात्री त्याच स्क्रीनवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक किंवा जीटीए सुरू होते.

मॉनिटरच्या जाहिराती मात्र दोन वेगळी माणसे गृहीत धरतात. एक गेमर, दुसरा ऑफिसवाला. एकाच स्क्रीनवर दोघांचे भागवायचे असेल तर काय पाहायचे, हे खोक्यावर लिहिलेले नसते. शिवाय चुकीचा मॉनिटर परत करणे सोपे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला २७ इंची खोका विरार लोकलमधून पुन्हा घेऊन जायचा, तर एक दिवसाची सुट्टी, बसचा प्रवास आणि लगेजच्या डब्यातली धक्काबुक्की हे सगळे आले. म्हणून घेण्याआधी थोडे समजून घेतलेले बरे.

## थोडक्यात उत्तर

- काम आणि गेम दोन्ही असतील, तर बहुतेकांसाठी २७ इंची, २५६० × १४४० रेझोल्युशनचा, आयपीएस पॅनेलचा, १४४ हर्ट्झ किंवा जास्त रिफ्रेश रेटचा मॉनिटर हा सर्वांत चांगला मध्यममार्ग आहे.
- बजेट कमी असेल तर २४ इंची फुल एचडी, १०० हर्ट्झ किंवा जास्त. २७ इंचीत फुल एचडी टाळावे.
- दिवसभर मजकूर वाचायचा आणि गेम क्वचितच, तर २७ इंची फोरके, ६० हर्ट्झचाही चालतो.
- आधी अक्षर पाहावे, मग स्टँड, मग हर्ट्झ. कारण गेम दोन तास चालतो आणि काम आठ तास.

## 'गेमिंग मॉनिटर' आणि 'ऑफिस मॉनिटर' यांत फरक काय?

तंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी यंत्रे नाहीत. पॅनेल बनवणारे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यांची पॅनेले अनेक ब्रँडच्या खोक्यांत जातात. फरक असतो तो भर कशावर दिला यात.

गेमिंगच्या खोक्यात पैसा रिफ्रेश रेट, वेगवान पिक्सेल आणि दिव्यांच्या सजावटीवर जातो. ऑफिसच्या खोक्यात तोच पैसा वर-खाली होणारा स्टँड, यूएसबीची जादा पोर्ट आणि लांब वॉरंटीवर जातो. काही वर्षांपूर्वी ६० हर्ट्झच्या पुढे जायचे तर बरेच जास्त पैसे मोजावे लागत. आता साध्या मॉनिटरमध्येही १०० हर्ट्झ मिळतात. म्हणून 'गेमिंग की ऑफिस' हा प्रश्न आता तितकासा उरलेला नाही. खरा प्रश्न आहे तो अक्षर किती स्पष्ट दिसते आणि संगणकाला किती झेपते हा.

## पहिली गोष्ट: अक्षर

स्क्रीन ठिपक्यांची बनलेली असते. एका इंचात किती ठिपके बसतात त्याला पीपीआय म्हणतात. आकार वाढवला आणि ठिपके तेवढेच ठेवले, तर प्रत्येक ठिपका मोठा होतो आणि अक्षराच्या कडा खडबडीत दिसतात.

मराठीत काम करणाऱ्यांना हे इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त जाणवते. देवनागरीत एकाच ओळीच्या उंचीत शिरोरेघ, वरची मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार एवढे सगळे बसवायचे असते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक शिरोरेघेजवळच्या बारीक जागेचा आहे. 'द्ध' आणि 'द्व' ही जोडाक्षरे तर लहान आकारात एकमेकांसारखीच दिसतात. मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये ११ च्या आकारात मजकूर तपासणाऱ्याला ठिपके कमी पडले की डोळे बारीक करून वाचावे लागते. वर्तमानपत्राची जुळणी, शाळेच्या प्रश्नपत्रिका, अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे, सगळीकडे हीच अडचण.

सामान्य दृष्टीचा डोळा अंशाच्या ६० व्या भागाइतका बारीक फरक ओळखतो. त्या हिशेबाने कोणत्या स्क्रीनपासून किती लांब बसल्यावर ठिपके दिसेनासे होतात, हे असे:

| स्क्रीन | रेझोल्युशन | पीपीआय | ठिपके दिसेनासे होण्याचे अंतर |
|---|---|---|---|
| २४ इंच | १९२० × १०८० (फुल एचडी) | ९२ | सुमारे ९५ सेंमी |
| २७ इंच | १९२० × १०८० (फुल एचडी) | ८२ | सुमारे १०७ सेंमी |
| २७ इंच | २५६० × १४४० (क्यूएचडी) | १०९ | सुमारे ८० सेंमी |
| ३२ इंच | २५६० × १४४० (क्यूएचडी) | ९२ | सुमारे ९५ सेंमी |
| ३२ इंच | ३८४० × २१६० (फोरके) | १३८ | सुमारे ६३ सेंमी |
| २७ इंच | ३८४० × २१६० (फोरके) | १६३ | सुमारे ५४ सेंमी |

टेबलाशी बसल्यावर डोळा आणि स्क्रीन यांत साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंमी अंतर असते. तक्त्याकडे पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. २७ इंची फुल एचडी मॉनिटर मोठा असूनही मजकुरासाठी २४ इंचीपेक्षा वाईट आहे. दुकानात तो भरघोस दिसतो आणि स्वस्तही असतो, म्हणून सर्वांत जास्त फसगत इथेच होते. दुसरे, ३२ इंची क्यूएचडीची घनता २४ इंची फुल एचडीइतकीच आहे. जागा जास्त मिळते, अक्षर जास्त रेखीव होत नाही.

फोरके मॉनिटरवर विंडोज आपोआप सगळे मोठे करून दाखवते. २७ इंची फोरके १५० टक्के स्केलिंगवर ठेवला की स्क्रीनवर मावणारी जागा क्यूएचडीइतकीच राहते, पण अक्षर छापल्यासारखे दिसते. टॅलीची काही जुनी आवृत्ती किंवा जुने मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर मात्र स्केलिंगमध्ये धुरकट दिसू शकते. असे सॉफ्टवेअर रोज वापरात असेल तर आधी कोणाच्या तरी फोरके स्क्रीनवर चालवून पाहावे.

## दुसरी गोष्ट: रिफ्रेश रेट

स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवते, तो आकडा हर्ट्झमध्ये लिहितात. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला ४.२ मिलिसेकंद.

हे आकडे नीट पाहिले तर पैसे वाचतात. ६० वरून १४४ वर गेल्यावर जवळपास १० मिलिसेकंदांचा फायदा होतो आणि तो कोणालाही डोळ्यांनी दिसतो. १४४ वरून २४० वर गेल्यावर फायदा जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा. तो स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला लागू पडेल, रात्री मित्रांबरोबर दोन डाव खेळणाऱ्याला नाही.

कामातही १०० हर्ट्झच्या पुढे फरक पडतो. लांबलचक एक्सेल शीट किंवा पीडीएफ खाली सरकवताना मजकूर कमी पुसट होतो, माउसचा बाण सरळ धावतो. पण ६० हर्ट्झवर काम अडत नाही. अक्षर आणि हर्ट्झ यांत एकच परवडत असेल आणि काम जास्त असेल, तर पैसा अक्षरावर घालावा.

रिफ्रेश रेटबरोबर आणखी एक सोय बघावी: अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. ग्राफिक्स कार्ड जेवढी चित्रे तयार करते तेवढ्याच वेगाने स्क्रीन चालते, त्यामुळे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणले, एएमडीचे फ्रीसिंक २०१५ पासून बाजारात आले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे आता केवळ जी-सिंकचा स्टिकर हवा म्हणून जादा पैसे मोजण्याची बहुतेकांना गरज नाही. मध्यम कार्डाच्या संगणकात ही सोय हर्ट्झच्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

## तिसरी गोष्ट: संगणकाला झेपेल का?

फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. क्यूएचडीत ३६ लाख ८६ हजार, म्हणजे पावणेदोनपटींहून थोडे जास्त. फोरकेत ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. गेममध्ये हा प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला अनेक वेळा रंगवावा लागतो.

फुल एचडीत एखादा जड गेम ६० फ्रेम देत असेल, तर त्याच कार्डावर फोरकेत तो अडखळतच चालणार. अशा वेळी गेमच्या सेटिंगमध्ये रेझोल्युशन कमी करता येते, किंवा डीएलएसएस आणि एफएसआर या सोयी वापरता येतात. त्यांत गेम कमी ठिपक्यांत रंगवून मग मोठा करून दाखवला जातो. काम मात्र पूर्ण रेझोल्युशनवरच चालू राहते. म्हणजे कार्ड साधे असले तरी क्यूएचडी मॉनिटर वाया जात नाही. संगणक चार वर्षांत बदलला जातो, चांगला मॉनिटर दोन संगणक पाहतो. हा विचार करून मॉनिटर थोडा पुढचा घेतला तर चालते.

## पॅनेल: आयपीएस, व्हीए, ओएलईडी

आयपीएस. रंग खरे दिसतात आणि बाजूने पाहिले तरी फिके पडत नाहीत. काळा रंग मात्र अंधाऱ्या खोलीत राखाडी वाटतो, कारण कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो. काम आणि गेम दोन्हींसाठी हाच सर्वांत निर्धोक पर्याय.

व्हीए. कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास असल्याने रात्री सिनेमा आणि गोष्टीवाले गेम छान दिसतात. स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये गडद दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट शेपूट राहते. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला ते खटकते. वक्र मॉनिटर बहुधा याच जातीचे असतात.

ओएलईडी. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा खरोखर काळा आणि पिक्सेल अत्यंत वेगवान. गेमसाठी याला तोड नाही. पण टास्कबार, एक्सेलच्या रेघा, टॅलीची पट्टी यांसारखे न हलणारे चित्र रोज आठ तास राहिले तर त्याचा कायमचा डाग पडण्याचा धोका असतो. शिवाय काही ओएलईडी पॅनेलमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसते. दिवसभर टायपिंग होणाऱ्या टेबलावर तो घेताना दोनदा विचार करावा.

टीएन. जुन्या मॉनिटरमध्ये सापडते. मान थोडी हलवली की रंग बदलतो. सेकंड हँड घेताना हे ओळखावे आणि सोडून द्यावे.

## खोक्यावरचे मोठे शब्द

१ एमएस. हा आकडा दोन वेगळ्या मोजमापांतून येतो. एक, ठिपका एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. दुसरा, एमपीआरटी, ज्यात स्क्रीनचा प्रकाश भरभर बंद-चालू करून हालचाल स्पष्ट दाखवली जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रकाश कमी होतो आणि अनेक मॉनिटरवर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक त्या वेळी बंद ठेवावे लागते. म्हणून नुसत्या '१ एमएस'वर दोन मॉनिटरची तुलना करू नये.

एचडीआर. 'एचडीआरला सपोर्ट' म्हणजे मॉनिटर तो सिग्नल घेतो, एवढेच. एलसीडीत खरा परिणाम दिसायला भरपूर उजेड आणि स्क्रीनच्या मागच्या दिव्याचे वेगवेगळे भाग लागतात. डिस्प्लेएचडीआर ४०० या सर्वांत खालच्या दर्जात असे वेगवेगळे भाग असतीलच असे नाही. मध्यम बजेटमध्ये हा शब्द वाचून पुढे जावे.

ब्राइटनेस. हा आकडा निट्समध्ये असतो. बंद खोलीत २५० निट्स पुरतात. कळंबसारख्या किनाऱ्यालगतच्या घरात, जिथे पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर लख्ख उजेड येतो, तिथे ३०० ते ३५० निट्स आणि चकाकी नसलेला मॅट पृष्ठभाग घ्यावा.

## स्टँड, टेबल आणि खिडकी

मानदुखीचे मूळ पुष्कळदा स्क्रीनच्या उंचीत असते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. स्वस्त गेमिंग मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे झुकतो, वर-खाली होत नाही. घरात शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील एकाच खुर्चीत आळीपाळीने बसत असतील, तर वर-खाली होणारा स्टँड ही चैन नव्हे, गरज आहे.

स्टँड साधा असेल तर मागे व्हेसाची चार भोके आहेत का पाहावे. ती १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिमी अंतरावर असतात. त्यांवर टेबलाला चिमट्याने बसणारा आर्म लावता येतो. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडायची नसतात, तिथे हा आर्म उपयोगी. तोही नको असेल तर मजबूत लाकडी पाट किंवा जुन्या जाड पुस्तकांचा थर चालतो.

जागा मोजूनच घ्यावी. २४ इंची स्क्रीन सुमारे ५३ सेंमी रुंद असते, २७ इंची ६० सेंमी आणि ३२ इंची ७१ सेंमी. दोन फूट खोलीच्या टेबलावर स्टँडच वीतभर जागा खातो. अशा टेबलावर ३२ इंची स्क्रीन अगदी नाकासमोर येते आणि कोपरे पाहायला मान फिरवावी लागते. २७ इंच हीच तिथली मर्यादा.

खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. समोर असेल तर प्रतिबिंब पडते, मागे असेल तर डोळे दिपतात.

## पोर्ट आणि केबल: पैसे देऊन ६० हर्ट्झ

मॉनिटर १६५ हर्ट्झचा आणि तो चालतो ६० वर, हे घरोघरी आढळते. कारणे तीन.

1. केबल चुकीच्या जागी. डेस्कटॉपमध्ये केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण फायदा मिळत नाही. ती कार्डाच्या पोर्टलाच लावावी.
2. जुने पोर्ट. एचडीएमआय २.० वर फोरके ६० हर्ट्झपर्यंतच चालते, एचडीएमआय २.१ वर १२० हर्ट्झपर्यंत जाते. क्यूएचडीला १४४ किंवा १६५ हर्ट्झवर चालवायचे तर डिस्प्लेपोर्ट हा सोपा मार्ग. '२.१' लिहिलेले प्रत्येक पोर्ट पूर्ण वेग देतेच असे नाही, म्हणून तपशिलात कोणत्या रेझोल्युशनला किती हर्ट्झ, हे वाचावे.
3. सेटिंग. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडावा लागतो.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी यूएसबी-सी पोर्टचा मॉनिटर जरूर पाहावा. एकाच केबलमधून चित्र जाते आणि चार्जिंगही होते. लॅपटॉपचे यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवते का, हे आधी तपासावे. सगळी पोर्ट तशी नसतात.

प्लेस्टेशन ५ जोडायचा असेल तर तो ६० किंवा १२० हर्ट्झवर चालतो, १४४ किंवा १६५ वर नाही. क्यूएचडी रेझोल्युशन त्याला सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून मिळाले आहे.

## किनाऱ्यावरच्या घरात: वीज आणि खारा वारा

बहुतेक मॉनिटरचे अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. पाठीमागच्या लेबलवर हा आकडा असतो. गरज असते ती क्षणभर वीज जाण्यापासून वाचण्याची. पावसाळ्यात लाइट झपकन जाऊन येते आणि सेव्ह न केलेले काम जाते.

इथे हिशेब सोपा आहे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटपर्यंतचा भार घेतो. २७ इंची मॉनिटर ३० ते ४० वॅट खातो, म्हणून लॅपटॉप, मॉनिटर आणि राउटर त्यावर आरामात चालतात. गेम चालू असताना मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक एकटाच ३०० ते ४०० वॅट घेऊ शकतो. अशा घरात मोठा यूपीएस घ्यावा.

वीजबिलाची धास्ती मात्र नको. ३० वॅटचा मॉनिटर रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस चालला तर सहा युनिट होतात.

मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा प्लग काढून ठेवावा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवे. जुन्या घरात अर्थिंगची वायर फक्त नावाला असते, ती वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी.

खाऱ्या दमट हवेत पोर्टचे धातू लवकर हिरवट पडतात. मॉनिटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये, आत ओल धरते. रोज वापरला जाणारा मॉनिटर स्वतःच्या ऊबेने कोरडा राहतो. महिनोन्महिने बंद ठेवलेला आधी खराब होतो. स्क्रीन पुसताना मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओले करावे. काचा पुसायचा अमोनियाचा फवारा मारू नये, वरचा मॅट थर खराब होतो.

## दुकानातून की ऑनलाइन?

नालासोपाऱ्याहून लोकलने ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रलला उतरले की लॅमिंग्टन रोड पायी जाण्याजोगा आहे. तिथला फायदा म्हणजे मॉनिटर समोर चालू करून पाहता येतो आणि भाव करता येतो. ऑनलाइनचा फायदा म्हणजे खोका घरपोच येतो. दोन्हीकडे पुढील गोष्टी कराव्यात.

- ठिपके तपासणे. पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे चित्र लावून पाहावे. काही कंपन्या ठरावीक संख्येपर्यंत खराब ठिपके 'दोष' मानत नाहीत. ते धोरण आधी वाचावे.
- मराठी मजकूर उघडणे. मोबाइलवरची एखादी मराठी पीडीएफ पेन ड्राइव्हमध्ये न्यावी आणि ती त्या स्क्रीनवर १०० टक्के आकारात वाचून पाहावी. कोणत्याही तपशिलापेक्षा ही दोन मिनिटे जास्त सांगतात.
- वॉरंटीचा प्रकार विचारणे. मेकॅनिक घरी येणार की मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यायचा? 'ऑन-साइट' लिहिलेले असले तरी आपल्या पिनकोडवर ती सेवा मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारावे. कळंबसारख्या गावासाठी हा प्रश्न पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा महत्त्वाचा.
- बिल आणि खोका जपणे. बिलावर सीरियल नंबर हवा. ऑनलाइन घेतल्यास खोका उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि परतीची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसह खोका ठेवावा.
- कर समजून घेणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्के झाला. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने स्वतःचा नंबर बिलावर घ्यावा, म्हणजे नियमांनुसार कराची वजावट मिळू शकते.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

## कोणी काय घ्यावे?

विद्यार्थी, थोडे टायपिंग, हलके गेम: २४ इंची फुल एचडी आयपीएस, १०० हर्ट्झ किंवा जास्त. जुन्या संगणकालाही हा झेपतो.

घरून काम आणि रोज रात्री गेम: २७ इंची क्यूएचडी आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, वर-खाली होणारा स्टँड. एकाच टेबलाच्या घरासाठी हाच.

डीटीपी, मुद्रितशोधन, हिशेब, कोडिंग. गेम कधीतरी: २७ इंची फोरके, ६० हर्ट्झ. लॅपटॉप असेल तर यूएसबी-सी चार्जिंगसह.

स्पर्धेत खेळणारा, काम दुय्यम: २४ किंवा २५ इंची फुल एचडी, २४० हर्ट्झ. पण त्याच स्क्रीनवर घरातले दुसरे कोणी दिवसभर काम करणार असेल, तर क्यूएचडीवरच थांबावे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात ३२ इंची टीव्ही आहे, तोच मॉनिटर म्हणून चालेल का?
गेमला चालेल, कामाला नाही. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीत १३६६ × ७६८ ठिपके असतील तर घनता ४९ पीपीआय भरते. हातभर अंतरावरून मराठी मजकूर त्यावर वाचवत नाही.

दोन लहान मॉनिटर बरे की एक मोठा?
एका खिडकीत पाहून दुसऱ्या खिडकीत भरायचे काम असेल तर दोन २४ इंची सोयीचे. त्यांना १०६ सेंमी रुंदी लागते, म्हणजे चार फुटी टेबल जवळजवळ भरते. गेमही असतील तर एक २७ इंची बरा.

ऑफिसमधून निघालेला सेकंड हँड मॉनिटर घ्यावा का?
कामासाठी हरकत नाही. त्यांचे स्टँड उत्तम असतात. पांढरे चित्र लावून कोपरे पिवळे पडलेत का ते पाहावे. बहुतेक ६० हर्ट्झचे असतात.

'ब्लू लाइट' कमी करणारा मॉनिटर डोळ्यांना वाचवतो का?
स्क्रीनमुळे डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे आणि एकाच अंतरावर टक लावल्यामुळे. नेत्रतज्ज्ञ सांगतात तो २०-२०-२० चा नियम स्वस्त आणि उपयोगी आहे: दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद पाहावे. खोलीत दिवा लावून बसावे, अंधारात फक्त स्क्रीन उजळलेली नसावी.

बजेट थोडेच वाढवता येत असेल तर कशावर वाढवावे?
आधी फुल एचडीवरून क्यूएचडीवर यावे. मग साध्या स्टँडवरून वर-खाली होणाऱ्या स्टँडवर. हर्ट्झ त्यानंतर. रंगीत दिव्यांसाठी एक रुपयाही वाढवू नये.